धुवायला दिला होता फिल्टर, गेले २०,९५० रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो. फिल्टर धुण्याचे १,४५०. ‘नवीन’ फिल्टरचे ७,९००. इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचे ११,६००. एकूण २०,९५० रुपये. आणि काम काय होतं, तर गाडीचा एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा, धुऊन, तेल लावून परत बसवायचा. बस्स, एवढंच.

गाडी २०१४ ची डिझेल स्विफ्ट. राहायला पुण्याजवळ वाघोलीत, नोकरी रांजणगाव एमआयडीसीत. या रस्त्याने रोज जाणाऱ्यांना धुळीबद्दल सांगायला नको. खडीचे डंपर, बांधकामं, अर्धवट खोदलेले रस्ते. कागदी फिल्टर बघता बघता काळा पडायचा, म्हणून काही वर्षांपूर्वी धुऊन परत वापरता येणारा फिल्टर टाकला. तोच तो, दोन जाळ्यांच्या मध्ये कापडाचे थर आणि त्यावर लाल तेल. अस्सल होता, पक्क्या बिलावर घेतलेला. ‘बाहेरचं काही लावलंस ना गाडीला, मग भोग आता’ असं म्हणणारे नातेवाईक मलाही आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. फिल्टरने कधीच त्रास दिला नाही. त्रास दिला तो माणसाने.

आधी हा फिल्टर मी घरीच धूत असे. या वेळी कंपनीत ग्राहकाचं ऑडिट होतं, शनिवार-रविवारही कामावर जात होतो, म्हणून ऑफिसमधल्या एकाने सुचवलेल्या गॅरेजमध्ये गाडी टाकली. दुकान चकाचक. भिंतीवर मोठमोठी पोस्टर, काउंटरवर कॉफीचं मशीन, पोरांच्या अंगावर एकसारखे काळे टी-शर्ट. मालक गोड बोलणारा. ‘सर, अर्ध्या तासात धुऊन, ऑइल करून देतो.’

अर्ध्या तासात! ज्याने हा फिल्टर एकदा तरी स्वतः धुतलाय त्याला कळेल. लिक्विड मारून ठेवायचं, मग नळाच्या हलक्या धारेने स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे पाणी सोडायचं, आणि मग वाळायला ठेवायचा. सावलीत, आपोआप. हेअर ड्रायर नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही, कापड विरतं. वाळायला काही तास सहज जातात, रात्रभर ठेवलेला बरा. तेल त्यानंतर. अर्ध्या तासात करून देतो म्हणणारा एकतर हवा मारणार किंवा धुणारच नाही.

मला हे माहीत होतं. तरी गाडी ठेवून ऑटोने घरी आलो, कारण पुढच्या तासाला ऑडिटरबरोबर व्हिडिओ मीटिंग होती.

मीटिंग चालू असताना व्हॉट्सअॅपवर फोटो आला आणि पाठोपाठ फोन. ‘सर, धुताना बघितलं, जाळी सुटलीय, कापड फाटलंय. असाच बसवला तर धूळ थेट टर्बोत जाईल. नवीन आहे आपल्याकडे, ओरिजिनल, होलोग्रामवाला. ७,९००. बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा पडेल, कच्चं केलं तर तुमचे वाचतील.’

तो फोटो अजून फोनमध्ये आहे. उघडून बघितला की डोकं फिरतं. धुताना फाटला म्हणे, आणि फोटोतला फिल्टर ठणठणीत कोरडा! घड्यांमध्ये धुळीचे थर जसेच्या तसे. पाण्याचा एक थेंब नाही. फिल्टर ठेवलाय तांबड्या टाइल्सवर, आणि त्या गॅरेजची फरशी करड्या सिमेंटची. माझ्या फिल्टरच्या रबरी कडेवर एका कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर लागून पडलेली खाच होती, ती फोटोत कुठेच नाही. मी क्वालिटीत काम करतो. दिवसभर फोटो बघून ‘हा पार्ट आमचा नाही’ असं सप्लायरला सुनावणारा माणूस मी. पण स्क्रीनच्या अर्ध्या भागात ऑडिटर बोलतोय, बॉसही मीटिंगमध्ये बसलाय, आणि कानात कुणीतरी ‘टर्बो जाईल’ म्हणतोय. डिझेल गाडीच्या टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचा, खर्च ज्याला ठाऊक आहे त्याने अशा वेळी काय केलं असतं ते छातीवर हात ठेवून सांगावं. मी ‘टाका’ म्हणालो.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर हिशोबात धुण्याचे १,४५० सुद्धा. फाटलेल्या फिल्टरचे? ‘सर, धुतला म्हणूनच कळलं ना.’ जुना परत मागितला तर म्हणे भंगारात गेला. आता माझी खात्री आहे की तो धुऊन, चकाचक करून पुढच्या गिऱ्हाइकाला ‘ओरिजिनल’ म्हणून विकला असणार. अस्सल होता तो, त्याला मागणी असणारच.

काढलेला पार्ट हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. खराब असला तरी, तेलकट असला तरी, डिकीत टाकून घरी आणा.

पुढे काय झालं ते बऱ्याच जणांनी ओळखलं असेल. काही आठवड्यांत चेक इंजिनचा दिवा लागला, पिकअप गेला, ओव्हरटेक करताना गाडी नुसती रडायची. परत त्याच्याकडेच गेलो. हो, त्याच्याकडेच, कारण ‘फिल्टरला एक वर्षाची वॉरंटी’ असं तोंडी सांगितलं होतं. त्याने स्कॅनर लावला, पी०१०१ हा कोड दाखवला आणि म्हणाला, ‘एअर फ्लो सेन्सर मेला. ११,६००.’ माहिती नसणाऱ्यांसाठी सांगतो: पी०१०१ म्हणजे आत येणाऱ्या हवेचं माप अपेक्षेप्रमाणे मिळत नाहीये, एवढंच. सेन्सर मेला असा त्याचा अर्थ होत नाही. पाइपला गळती असू शकते, फिल्टर चोंदलेला असू शकतो, किंवा फिल्टरवर तेल जास्त ओतलं तर ते उडून सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं. त्यासाठी एअर फ्लो सेन्सरचा वेगळा स्प्रे मिळतो, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. (कार्ब्युरेटरचा स्प्रे मारू नका.) हे ज्ञान मला नंतर झालं, तोवर ११,६०० देऊन बसलो होतो.

नंतर म्हणजे, दिवा पुन्हा लागल्यावर बायकोने सरळ सांगितलं, ‘तिथे पुन्हा पाऊल टाकलंस तर बघ.’ मग आमच्या सोसायटीमागच्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या आणि आधी काही बोललाच नाही. फिल्टर उचलून उन्हात धरला. आरपार उजेड. कापडाचा एकच थर. पांढऱ्या फडक्याने पुसला तर फडकं कुंकवासारखं लाल, आणि तो रंग बोटांनाही लागला. रबर कडक, कडेला बोटाचं नख जाईल एवढी फट, आणि फटीतून जाऊन डब्याच्या स्वच्छ बाजूला बसलेली वाघोलीची पिवळट धूळ. मग त्याने सेन्सर काढला. आधी कधीतरी त्यानेच क्लच करताना पाइप काढला होता, तेव्हा सेन्सरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. ठिपका जागच्या जागी! म्हणजे नवा सेन्सर बसवलाच नव्हता. जुन्यालाच स्प्रे मारला आणि ११,६०० घेतले. मिस्त्रीने ५०० घेतले, कागदी फिल्टर ३८० ला आला. दिवा गेला तो गेला.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत गेलो. पहिला प्रश्न, ‘बिल कुठंय?’ कच्ची चिठ्ठी दाखवली, तिच्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही. यूपीआयची नोंद दाखवली, तर पैसे गेलेले दुकानाच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर. ‘हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी मॅटर, ग्राहक मंचात जा.’ मी म्हणालो, साहेब, नकली माल विकलाय, न बसवलेल्या पार्टचे पैसे घेतलेत, ही फसवणूक आहे, न्याय संहितेत ३१८ कलम आहे. त्यावर, ‘तुम्ही वकील आहात का?’ नकली मालाचं विचारलं तर ‘कंपनीचा माणूस आणा.’ ट्रेडमार्क कायद्यात हा दखलपात्र गुन्हा आहे. पण झडती-जप्तीसाठी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्यानेही आधी रजिस्ट्रारचं मत घ्यायचं असतं. माझ्या ७,९०० साठी कोण येतंय? अर्जावर पोचशिक्का मारून मागितला तर ‘उद्या या.’ उद्या गेलो तर शिक्का असलेले साहेब बंदोबस्ताला.

फिल्टरच्या कंपनीला मेल केला. उत्तर आलं की अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. धन्यवाद! बँकेत गेलो तर ‘पिन तुम्ही स्वतः टाकलाय.’ हो, टाकलाय. चोराने चाकू दाखवला असता तरी पिन मीच टाकला असता. आणि गॅरेजवाला? ‘सर, तुमच्याकडे पुरावा काय?’ तेच गोड हसू.

ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. तिथे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. २०१९ च्या कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवलीय. तेव्हा ‘जीएसटी वाचवतो’ म्हणणारा तुमचे पैसे नाही, पुरावा न ठेवता स्वतःची मान वाचवत असतो. बोलणं व्हॉट्सअॅपवर लेखी करा, फोनवर नको. यूपीआय करताना नाव वाचा, दुकानाचं नाव नसेल तर तिथेच थांबा. सेन्सर बदलला म्हणतोय? खोका, जुना पार्ट, आणि बसवण्याआधी-नंतरचे फोटो. गाडीसमोर उभं राहून. आणि फोटो आला की आपल्या फिल्टरवरची खूण शोधा. खूण नसेल तर आजच मार्करने करून ठेवा.

एक मदत हवी आहे. तांबड्या टाइल्स, कोरडा फाटका लाल फिल्टर, डाव्या कोपऱ्यात निळ्या बादलीची कड, असा फोटो नगर रस्त्याच्या बाजूला गाडी दिलेल्या आणखी कुणाला ‘तुमचा फिल्टर’ म्हणून आला असेल, तर तो डिलीट करू नका आणि मला कळवा. तोच फोटो दुसऱ्या नंबरवर, दुसऱ्या तारखेला गेलेला सापडला, तर ‘पुरावा काय’ याचं उत्तर माझ्या अर्जाला जोडता येईल.