कुत्र्याचा पंजा कापला: घरीच मलमपट्टी की पशुवैद्यकाकडे?

पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईच्या पायवाटांवर सकाळी कुत्र्याला फिरायला नेणाऱ्यांवर हा प्रसंग कधी ना कधी येतोच. वाळलेल्या गवतात बाटलीची काच दडलेली असते, परतीच्या वाटेवर कुत्रा किंचित लंगडू लागतो आणि घरी पोहोचेपर्यंत जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर लाल ठसे उमटलेले असतात. पंजाच्या तळव्याच्या गादीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्यामुळे अगदी उथळ चीरही भरपूर रक्त सांडते. उलट, काचेचे टोक आत घुसून बसलेली अरुंद जखम फारशी वाहतही नाही. म्हणूनच सांडलेल्या रक्तावरून निर्णय घेऊ नये. जखमेची खोली, तिच्यात काय अडकले आहे आणि ती होऊन किती वेळ गेला आहे, या तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिला अर्धा तास मात्र दोन्ही पर्यायांत सारखाच जातो. स्वच्छ सुती फडके घडी करून जखमेवर पाच ते दहा मिनिटे सलग दाबून धरावे आणि थांबले का, हे पाहण्यासाठी ते मध्येच उचलू नये, कारण धरू लागलेली गुठळी त्यामुळे निघून येते. दुखणारा पंजा कोणी हाताळला तर अतिशय मायाळू कुत्राही चावू शकतो, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या माणसाने त्याचे डोके धरावे किंवा ओढणीने तात्पुरते मुसके बांधावे. पगसारख्या चपट्या नाकाच्या किंवा उलटी करणाऱ्या कुत्र्याला मात्र मुसके बांधू नये. रक्त थांबल्यावर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सलाईनने, किंवा अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ विरघळवून, सुई काढलेल्या सिरिंजने जखम आतपर्यंत धुवावी. हळद, कॉफीची पूड, चुना यांपैकी काहीही जखमेत भरू नये. हळदीवर आपल्या घरांत केवढी श्रद्धा आहे, ते मी जाणतो; परंतु पूड जखमेत चिकटून बसते, खोली दिसू देत नाही आणि टाके घालण्याची वेळ आली, तर ती धुऊन काढण्यातच डॉक्टरांचा वेळ आणि कुत्र्याचा धीर संपतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जंतूंबरोबर निरोगी पेशीही जाळतात, म्हणून तेही टाळावे. बेटाडीनचे द्रावण चालते, पण ते कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून.

यानंतर चांगल्या उजेडात जखम पाहावी. चीर लहान आणि उथळ असेल, तिच्या कडा आपोआप जुळत असतील, आत काही दिसत वा टोचत नसेल आणि कुत्रा थोडे लंगडत का होईना, पण पाय टेकत असेल, तर घरचा उपचार पुरेसा ठरतो. आमच्या देशी कुत्रीला, भुरीला, पहिल्यांदा असेच झाले होते. दिवसातून दोनदा धुणे, रोज नवी पट्टी आणि लघवीपुरतेच बाहेर नेणे, एवढ्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत चालू लागली. अशा जखमेसाठी दवाखान्याच्या टेबलावर कुत्र्याला थरथरत उभे करण्यात काही विशेष लाभ नाही.

घरच्या उपचाराची खरी परीक्षा पट्टीत होते. बोटांच्या मध्ये थोडा कापूस ठेवून, न चिकटणारे गॉझ लावून, बोटांकडून वर मनगटाच्या सांध्यापर्यंत गुंडाळत जावे आणि मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती टोके सुजून फाकू लागली किंवा गार पडली, तर पट्टी घट्ट झाली आहे असे समजून ती ताबडतोब सोडावी. बाहेर जाताना दुधाची धुतलेली पिशवी वरून चढवता येते. ती कागदी चिकटपट्टीने अडकवावी आणि घरात येताच काढावी. रबरबँड मात्र कदापि वापरू नये, कारण केसांत लपलेला रबरबँड विसरला जातो आणि कातडीत रुतत जातो. चाटल्याने जखम बरी होते, हा समज सोडून गळ्यात प्लास्टिकचा कोन घालावा. हे सगळे रोज, न कंटाळता करणारे माणूस घरात नसेल, तर जखम लहान असूनही दवाखाना बरा.

दवाखान्याचे पारडे जड होते, ते भूल, एक्स-रे आणि टाके या तीन गोष्टींमुळे. जखमेत खोलवर पाहायचे, तर कुत्र्याला स्थिर ठेवावे लागते आणि ते घरी धरून साधत नाही. काचेचे बहुतेक तुकडे एक्स-रेमध्ये दिसतात. वरून जखम भरून आली आणि तुकडा आतच राहिला, तर काही दिवसांनी तेथे पुन्हा फोड येऊन पू वाहू लागतो. खोल चिरेत बोट वाकवणारा स्नायुबंधही तुटू शकतो, आणि तसे झाले असेल तर उभे राहताना त्या बोटाचे नख जमिनीवरून वर उचललेले दिसते. शिवाय गादीवर प्रत्येक पावलागणिक अंगाचा भार पडून ती पसरते. त्यामुळे खोल जखम टाक्यांवाचून दिवसभर उघडत राहते आणि बंद होण्यास फार वेळ घेते.

येथे घड्याळाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. ताजी जखम स्वच्छ करून शिवण्यासाठी पहिले सहा ते आठ तास सर्वांत अनुकूल मानले जातात; त्यानंतर जंतू वाढत गेल्याने ती लगेच शिवणे धोक्याचे ठरते. पुण्यात अनेक दवाखान्यांची वेळ सकाळ आणि संध्याकाळ अशी विभागलेली असते, आणि दुपारच्या विश्रांतीबद्दल पुणेकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. सात वाजता टेकडीवर पाय कापला आणि संध्याकाळी सहाला नेऊ असे म्हटले, तर अकरा तास गेलेले असतात. भुरीच्या दुसऱ्या जखमेच्या वेळी मी हेच केले. त्यावर कडी म्हणजे, तिची समजूत काढण्यासाठी निघण्यापूर्वी तिला दूध-पोळी खाऊ घातली. भरल्या पोटी भूल देता येत नाही, म्हणून काम दुसऱ्या दिवसावर गेले, टाक्यांची संधी हुकली आणि उघडी जखम भरून येण्यास महिना लागला. दवाखान्यात जायचे की नाही, हे ठरेपर्यंत कुत्र्याला काहीही खायला देऊ नये, हे मी तेव्हा शिकलो.

दहा-पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा ते उसळून येत असेल, कातडीचा तुकडा लोंबत असेल, कुत्रा पाय अजिबात टेकत नसेल, तर तुलना करत बसू नये. जखम दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची असेल, तर ती लहान दिसली तरी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावेच लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचा आग्रह मात्र धरू नये. माणसाच्या मानाने कुत्र्यांना तो रोग क्वचितच होतो.

पावसाळ्यात हा हिशेब दवाखान्याच्या बाजूने झुकतो. जूननंतर पट्टी कोरडी राहत नाही, ओल्या पट्टीखाली जखम कुजते आणि माशांनी अंडी घातल्यास एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्गही होऊ शकतो.

औषधांच्या बाबतीत तर घरचा पर्याय जवळजवळ नाहीच. आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याच्या जठरात व्रण करते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. पॅरासिटामॉलही सुरक्षित नाही. वेदनाशामक हवे असेल, तर ते डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेलेच द्यावे.

खर्च घरी अर्थातच कमी येतो. दवाखान्यात भूल, एक्स-रे आणि पुढची ड्रेसिंगे मिळून रक्कम वाढते, म्हणून फोन करून आधी अंदाज घ्यावा. औंधला पशुसंवर्धन खात्याचे सर्वचिकित्सालय आहे, त्याचाही विचार करता येईल. टाके घातल्यानंतरही दहा ते चौदा दिवस कुत्र्याला धावू न देणे, कोन काढू न देणे आणि पट्टी कोरडी ठेवणे, हे काम पुन्हा आपल्याकडेच येते.

सोसायटीतल्या भटक्या कुत्र्याचा पंजा कापला असेल, तर वरील तुलना लागू पडत नाही. त्याला बांधलेली पट्टी दुसऱ्या दिवशी बदलता येईल, याची खात्री नसते, आणि न बदललेली पट्टी उघड्या जखमेपेक्षा वाईट. हाताला येत असेल, तर जखम धुऊन ती उघडीच ठेवावी. खोल असेल, तर त्याला काही दिवस ठेवून घेणाऱ्या प्राणिसेवी संस्थेला कळवावे आणि ते येईपर्यंत तो कोठे बसतो यावर लक्ष ठेवावे.