लॅमिंग्टन रोड : सुट्या भागांच्या खरेदीची वेळ

मुंबईत ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, म्हणजेच लॅमिंग्टन रोडला, स्वस्त बाजार म्हणून ख्याती आहे. ती आता अर्धीच खरी आहे, कारण इथले भाव ऑनलाइन दुकानांच्या बरोबरीचेच असतात आणि कधी कधी त्याहून थोडे जास्तही. तरीही सुटे भाग घेऊन नवा संगणक जुळवू पाहणाऱ्याने इथे एक फेरी जरूर मारावी, असे माझे मत आहे. भाव कोणत्या दिशेने चालले आहेत, हे इथे दोन-तीन दुकानांतून कोटेशन घेतले की चटकन कळते. कोटेशन आठवडाभर चालेल असे दुकानदार सांगत असेल, तर बाजार स्थिर आहे. ‘हा भाव फक्त आजचा’ असे तो बजावू लागला आणि तेच शेजारच्या दुकानातही ऐकू आले, तर माल महाग होतो आहे असे समजावे.

रॅमच्या, म्हणजे संगणक चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीच्या, बाबतीत हे सर्वांत ठळकपणे दिसले. रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत अधिक नफा असल्याने त्यांनी उत्पादन तिकडे वळवले, आणि 2025 च्या अखेरच्या महिन्यांत घरगुती संगणकात लागणाऱ्या डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅमचे भाव दुपटीच्याही पुढे गेले. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. याउलट 2023 मध्ये मेमरीचे भाव इतके घसरले होते, की याच कंपन्यांना उत्पादन कमी करावे लागले होते. रॅम आणि एसएसडी (फाइली साठवण्याची चिपची डिस्क) यांचा व्यवहार कांद्यासारखा आहे. आवक घटली की भाव चढतो, गोदामे भरली की कोसळतो. त्यामुळे ‘थोडे थांबले की सगळे स्वस्त होते’ हा संगणक खरेदीतला जुना ठोकताळा या दोन वस्तूंना लावू नये. भाव उतरलेले असतील, तर बाकीची यादी पक्की झाली की रॅम घेण्यात चालढकल करू नये. ते चढलेले असतील, तर 16 जीबीची एकच पट्टी घेऊन काम सुरू करावे आणि तशीच दुसरी पट्टी नंतर बसवावी. तोपर्यंत वेग काहीसा कमी मिळेल, पण संगणक अडून राहणार नाही. घरी जुन्या डेस्कटॉपमधली डीडीआर4, म्हणजे आधीच्या पिढीची, रॅम पडून असेल, तर ती चालणारा, प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या एएम4 सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा) मदरबोर्ड आणि त्याच कंपनीचा रायझन 5000 मालिकेतला प्रोसेसर घेणे यात मला कमीपणा वाटत नाही.

प्रोसेसरची गोष्ट निराळी आहे. एएमडीचे एएम4 नंतरचे एएम5 सॉकेट सप्टेंबर 2022 मध्ये रायझन 7000 मालिकेबरोबर आले, ऑगस्ट 2024 मध्ये त्यावरच चालणारी रायझन 9000 मालिका आली, आणि 2027 पर्यंत व त्यापुढेही या सॉकेटला आधार देण्याचे एएमडीने सांगितले आहे. म्हणजे आज मध्यम किमतीचा प्रोसेसर घेऊन तीन वर्षांनी तोच बदलता येतो. आणखी नवे काही येईल म्हणून अडून बसण्यात फायदा नाही. नवी मालिका आल्यावर आधीच्या मालिकेचे भाव उतरतात, तेव्हा मागच्या पिढीतला प्रोसेसर घेणे सर्वांत किफायतशीर पडते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र मी थांबण्याच्या बाजूचा आहे. नवे कार्ड जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कंपनीने सांगितलेला भाव बहुधा कागदावरच राहतो. 2020 नंतर क्रिप्टो मायनिंगच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर आकडेमोड करून आभासी चलन कमावण्याच्या, लाटेत कार्डे सुटी मिळेनाशी झाली होती, आणि अनेक दुकानदार त्याबरोबर बोर्ड किंवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) घेण्याची अट घालत. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाची मायनिंग बंद झाल्यावर तो दबाव ओसरला. थांबता यावे, अशी सोय मात्र आधीच करून ठेवावी लागते. रायझन 5 7600 सारख्या प्रोसेसरमध्ये कामचलाऊ ग्राफिक्स असल्याने कार्डाशिवायही संगणक सुरू होतो, तर 7500एफ किंवा इंटेलचे ‘एफ’ अक्षराने संपणारे प्रोसेसर थोडे स्वस्त असले तरी कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीच दाखवत नाहीत.

मॉनिटर, कीबोर्ड, एसएसडी यांसाठी दिवाळीपूर्वीचे ऑनलाइन सेल बरे. बँकेच्या कार्डावरची सवलत लॅमिंग्टन रोडला देता येत नाही, उलट इथल्या काही दुकानांत कार्डाने पैसे दिले तर वर दोन टक्के मागतात. 32 इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. बाकी भागांवर तो आधीपासूनच 18 टक्के असल्याने त्यांच्या बाबतीत वाट पाहण्यासारखे काही उरलेले नाही.

वेळ साधण्याच्या या साऱ्या खटाटोपाला एक मर्यादा आहे. स्वस्त मिळाला म्हणून मदरबोर्ड आज घेतला आणि प्रोसेसर चार महिन्यांनी, तर त्या काळात बोर्ड सुरू होतो की नाही हे कळण्याचा मार्ग नसतो. दुकानातून सरळ बदलून मिळण्याची मुदत बहुतेक ठिकाणी काही दिवसांचीच असते आणि नंतर कंपनीच्या सेवा केंद्राच्या फेऱ्या वाट्याला येतात. कॅबिनेट लवकर घ्यायला हरकत नाही, रॅम एखाद्या मित्राच्या संगणकात बसवून तपासता येते. पण बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस एकाच आठवड्यात घ्यावेत, एवढेच नव्हे तर शक्य असल्यास एकाच दुकानातून घेऊन तिथेच जोडून, सुरू करून पाहावेत. ही सोय ऑनलाइन खरेदीत क्वचितच मिळते, आणि तिच्यासाठी शे-पाचशे रुपये जास्त मोजणे मला योग्य वाटते.

रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि शनिवारी दुपारी गर्दीमुळे कोणी नीट बोलत नाही, म्हणून आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी दुकाने उघडल्यावर लगेच जावे. पक्के बिल नको असेल तर भाव कमी करतो, असे कोणी म्हणाले तर नाकारावे. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि प्रोसेसर कंपनीच्या सीलबंद खोक्यातला आहे ना, हे पाहावे. खोक्याविना ट्रेमधून मिळणाऱ्या प्रोसेसरवर सहसा दुकानदाराचीच वॉरंटी असते, आणि ती दुकान चालू असेपर्यंतच कामाची.