लेकीच्या शाळेचा रिव्ह्यू, वॉकरवाल्या पोरांच्या आईबापांसाठी

रेटिंग: 5 पैकी साडेतीन. पहिल्या वर्षी लिहिलं असतं तर दीड दिला असता.

शाळेचं नाव लिहीत नाही, पोरगी अजून तिथेच शिकतेय. कोल्हापुरातलीच अनुदानित मराठी शाळा, घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. लेक आता पाचवीत. सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूमुळे हालचालींवर ताबा कमी; त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पाय कडक, हात बऱ्यापैकी चालतात, डोकं तर जरा जास्तच चालतं. पायात एएफओ, म्हणजे घोट्याला आधार देणारे स्प्लिंट, घालून मागून ओढायच्या वॉकरवर चालते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, पिवळ्या पट्टीचं, 60 टक्के.

ॲडमिशनच्या वेळी सगळे म्हणाले स्पेशल शाळेत घाला. कोल्हापुरात राहून नसीमादीदी हुरजूक आणि हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या त्यांच्या संस्थेचं दिव्यांगांसाठीचं काम माहीत नाही असं कोण आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण आमच्या जाऊबाईंची दोन्ही पोरं या शाळेत, गल्लीतली निम्मी पोरं या शाळेत, मग हिनंच का वेगळं जायचं? आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात स्पष्ट आहे, 40 टक्के किंवा त्याच्या वर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत नाहीतर स्पेशल शाळेत, निवड आपली. मोठ्या बाईंनी फाइल बघून पहिला प्रश्न काय विचारला तर "अभ्यास झेपेल का हो?" मी म्हटलं बाई, जिने झेपत नाहीत, अभ्यासाचं तुम्ही बघालच. घेतलं मग. कुरकुर न करता घेतलं हेही सांगायला पाहिजे.

आता रॅम्प. रॅम्प आहे का विचारलं की सगळ्या शाळा हो म्हणतात, आमच्याही शाळेनं म्हटलं. जाऊन बघितलं तर जोतं अडीच फूट उंच आणि रॅम्प आठ फुटांचा! नियम असा आहे की एक इंच चढायला बारा इंच लांबी पाहिजे, म्हणजे अडीच फुटाला तीस फूट रॅम्प लागतो. आठ फुटांचा तो रॅम्प नव्हता, घसरगुंडी होती, त्याच्यावरून फक्त सरांच्या गाड्या चढायच्या पावसात. दोन वर्षं रिक्षामामा हिला उचलून वर्गात ठेवायचे आणि वॉकर मागून आणून द्यायचे. त्यांना किती स्टार द्यायचे सांगा, त्यांच्यासाठी वेगळा रिव्ह्यू लिहायला पाहिजे. तिसरीत असताना माजी विद्यार्थ्यांनी पैसे काढले आणि एल आकारात वळवून मधे सपाट जागा ठेवून नवीन रॅम्प झाला, दोन्ही बाजूंना पाइप. आता ती एकटी चढते, जरा दम लागतो, पण एकटी.

पण खरं सांगू का, रॅम्प सगळ्यांना दिसतो म्हणून त्याच्याबद्दल सगळे बोलतात. आमचं घोडं अडलं होतं टॉयलेटपाशी. पहिलीतलं सांगते. रोज संध्याकाळी दप्तर उघडलं की पाण्याची बाटली सकाळी भरून दिलेली तशीच भरलेली. रोज ओरडायचे मी, पाणी का पीत नाहीस, उन्हाळ्यात ओठ फाटलेत बघ. ती गप्प. शेवटी एक दिवस रडत म्हणाली, प्यायलं की शू लागते. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, मुलींच्या टॉयलेटला बाहेर दोन पायऱ्या, आत भारतीय संडास, धरायला काही नाही, आणि दार, टेप लावून मोजलं मी, 22 इंच. वॉकर 24 इंच. सहा वर्षांच्या पोरीनं सकाळी साडेदहा ते साडेपाच हा हिशोब स्वतःच बसवला होता आणि मी तिला ओरडत होते.

हे करून घ्यायला मात्र फार चपला झिजवल्या. शाळा म्हणे फंड नाही, शिपायाला सांगितलं तर तो म्हणे माझं काम नाही, दर मीटिंगला विषय निघायचा आणि चहा आला की संपायचा. शेवटी एका पालकांनी कमोड दिला, ओळखीच्या फॅब्रिकेटरनं दोन स्टीलचे बार बसवून दिले, दार काढून मोठं, बाहेर उघडणारं केलं. दीड वर्ष गेलं यात, कामाला लागले चार दिवस! आणि मजा बघा, पाय फ्रॅक्चर झालेली सातवीतली पोरगी, गुडघे दुखणाऱ्या दोन बाई, सगळ्या तिथेच जातात आता, कधीकधी हिलाच लाइन लावावी लागते.

वर्गाच्या बाबतीत शाळेला पूर्ण मार्क. पाचवी वरच्या मजल्यावर असते, लिफ्टचा प्रश्नच नाही. मोठ्या बाईंनी मी विचारायच्या आधीच पाचवी ब खाली आणली आणि सातवीचा एक वर्ग वर पाठवला. वर्गाबाहेर चपला-बूट काढायचा नियम आहे, हिचे एएफओ बुटात असतात, काढून घालायला दहा मिनिटं जातात, तर तिला सूट आहे. एकदा बदलीवर आलेल्या सरांनी सगळ्यांसमोर बूट काढायला लावले होते, तेव्हा वर्गातली पोरंच ओरडली, सर तिचं वेगळं असतं!

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून विशेष शिक्षिका येतात त्यांनी जे शिकवलं ते महागड्या थेरपीतही कोणी सांगितलं नव्हतं. पेन्सिल हातातून निसटायची तर सायकलची जुनी ट्यूब कापून पेन्सिलवर चढवली, जाड पकड झाली, खर्च शून्य. बॉक्स फाइल उतरती ठेवून त्याच्यावर वही. अक्षर वाचता यायला लागलं बघा दोन महिन्यांत. दिव्यांग मुलींना महिना 200 रुपये, दहा महिने, असा भत्ता असतो तोही त्यांनीच सांगितला, मागायला विसरू नका. परीक्षेच्या जादा वेळेसाठी मात्र मला प्रिंटआउट घेऊन जावं लागलं, केंद्राच्या गाइडलाइनमध्ये तासाला किमान 20 मिनिटं आहेत. एक बाई म्हणाल्या ते दहावीला असतं. आता चाचणीलाही देतात.

पीटीचा तास म्हणजे शाळेचा सगळ्यात ढिला विषय. सगळे ग्राउंडवर आणि ही वर्गात दप्तरं राखायला, तिसरीपर्यंत हेच. सरांना सुचलं नाही, पोरांना सुचलं. क्रिकेटमध्ये ही स्टुलावर बसून बॅटिंग करते आणि तिच्यासाठी दुसरा पळतो. आयसीसीनं 2011 मध्ये रनर बंद केला असेल, आमच्या ग्राउंडवर चालू आहे. आउट दिलं तर भांडते पण कचाकचा.

दीड स्टार कशाचा कापला ते सांगते. मागच्या वर्षी सहल पन्हाळ्याला गेली. सगळ्यांना चिठ्ठी मिळाली, पालकांची सही आणायची. हिला दिलीच नाही. नको म्हणाले असते तर मी भांडले असते, सोबत आले असते, गाडी केली असती. पण विचारलंच नाही, परस्पर ठरवून टाकलं की ही येणार नाही, आणि ते मला कळलं ती मैत्रिणीची चिठ्ठी वाचून दाखवायला लागली तेव्हा. बाई नंतर म्हणाल्या, अहो तुम्हालाच त्रास नको म्हणून.

यंदा सहल कणेरी मठाला आहे म्हणे. चिठ्ठी आली की रेटिंग बदलते.