सप्तक घोटायचं तर तानपुरा की पियानो?

पणजीच्या कला अकादमीत दोन्ही शिकवतात. नियमही एकच: कंपनं दुप्पट झाली की तोच स्वर वरच्या सप्तकात, २२० हर्ट्झचा पुढे ४४० ला.

फरक मधल्या वाटेत. पियानोवर या अंतराचे बारा सारखे भाग, प्रत्येकी १०० सेंट (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक). तानपुऱ्याच्या तारांतून आपसूक उमटणारा गंधार मात्र पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला. एकदा कानात बसला की पियानोचा चढाच वाटतो. (आपली भजनातली पेटीही बहुधा पियानोच्याच पंगतीतली, पण बुवांना सांगू नका!)

चर्चच्या कॉयरला चार आवाज जुळवायचे, तिथे ठरलेली पट्टीच हवी. भजनात सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर, पांढरी एक की काळी चार, हे गळ्यावर. गळाच तयार करायचा असेल तर मी तानपुराच सांगेन.