लाइटरूमचं क्रॉप टूल: आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले लाइटरूम क्लासिक हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर वापरतोय आणि खरं सांगतो, बाकीच्या स्लायडरपेक्षा जास्त वेळ माझा क्रॉपवरच, म्हणजे फोटोच्या कडा कापण्यावरच जातो. कीबोर्डवर आर दाबलं की क्रॉप उघडतं, एक्स दाबलं की आडव्याचं उभं होतं, ओ दाबत राहिलं की वरची जाळी बदलते. सुरुवातीला मी त्या जाळीच्याच मागे होतो, प्रत्येकाचा डोळा उचलून रेघांच्या छेदावर नेऊन ठेवायचो. आता आधी बघतो की फोटोतला माणूस कुठे बघतोय.

हे डोक्यात शिरलं आजीच्या फोटोमुळे. गावच्या घरी पडवीत बसलीये, तोंड रस्त्याकडे, वर दोरीवर टॉवेल, खाली बादली आणि सगळ्यांच्या चपला. अख्ख्या फोटोत आजी आहे पण फोटो आजीचा नाही, घराचा आहे. मग चौकोनी क्रॉप करून फक्त चेहरा ठेवला तर एकदम करारी, जवळजवळ रागावलेली वाटायला लागली. मग वरचं खालचं काढून तिच्यासमोरचं रिकामं अंगण ठेवलं, पाठीमागचं कापलं, तर ती कोणाची तरी वाट बघतेय. आणि उलटं केलं, म्हणजे समोरचं अंगण कापून पाठीमागची अंधारी पडवी ठेवली, तर इतकी एकटी दिसली की मला बघवेना. क्लिक एकच, उजेड तोच, तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हललेली नाही. आईने अंगणवाला बघितला आणि म्हणाली, एसटीची वेळ झाली की अशीच बसते रे ती.

कापल्याने अर्थ कसा बदलतो त्यासाठी क्रांतिकारक चे गव्हेराचा टीशर्टवरचा तो फोटो घ्या, आल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० ला क्युबात, हवानात काढलेला. मूळ निगेटिव्ह आडवी आहे, एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा, दुसरीकडे पामची पानं. ते दोन्ही कापल्यावर जागा आणि प्रसंग दोन्ही गेले, उरला फक्त चेहरा आणि ती नजर.

पण क्रॉप करताना पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते ठिपके, जातात हे विसरू नका. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेल (म्हणजे २४० लाख पिक्सेल), ६००० बाय ४०००, लांबी-रुंदी दोन्ही अर्धी केली की उरतात ६ मेगापिक्सेल. प्रिंटमध्ये ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे जेमतेम १० इंच बाय पावणेसात. आणि लांबून काढून क्रॉप करणं म्हणजे जवळ जाऊन काढणं नव्हे, मागचं घर चेहऱ्याच्या मानाने केवढं दिसणार हे तुम्ही कुठे उभे होतात त्यावर ठरतं, ते नंतर बदलत नाही.

प्रिंटचा अनुभव मात्र वाईट. आजीचा फोटो ८ बाय १० करायला दिला, माझा क्रॉप ३:२ चा होता, म्हणजे १२ इंचातले २ इंच जाणारच, आणि स्टुडिओवाल्याने न विचारता चेहरा मधोमध आणायला अंगणच कापलं. वाट बघणं गेलं की हो त्यातून! फार वाईट वाटलं मला. परत ८ बाय १२ करून घेतला, आता हॉलमध्ये लागलाय. तेव्हापासून प्रिंटच्या मापाचा क्रॉप मी घरूनच करून नेतो, लाइटरूममध्ये मूळ फोटोला धक्का लागत नाही, व्हर्च्युअल कॉपी (फाइल तीच, एडिट वेगळं) काढायची आणि प्रत्येक मापाला वेगळा क्रॉप. तो एकटा दिसणारा क्रॉप पण ठेवलाय, पण आईला नाही दाखवला अजून.