फ्रीबीएसडी: काही महिने रोज वापरल्यावर

युनिक्सच्या घराण्यातली एखादी संगणक प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) पहिल्यांदाच टाकून बघायची म्हटलं की बहुतेक जण लिनक्स सुचवतात. मी फ्रीबीएसडी टाकली. रोजच्या वापरानंतर माझं मत असं, की आतलं काम समजून घ्यायची हौस असेल तर नवख्यानेही बिनधास्त हीच घ्यावी.

इन्स्टॉलेशन अवघड नाही. मेमस्टिक इमेज (पेन ड्राइव्हसाठीची इन्स्टॉलेशन फाइल) उतरवा, चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा, पेन ड्राइव्हवर लिहा, संगणकाच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद करा. पुढचं सगळं कीबोर्डवर होतं. डिस्क विभागणीच्या पानावर मात्र 'ऑटो झेडएफएस' निवडा (झेडएफएस म्हणजे डिस्कवर फायली ठेवायची एक पद्धत, तिचं कारण पुढे येईल) आणि स्वतःचं खातं उघडताना ते व्हील गटात घाला, नाहीतर नंतर एसयू ही आज्ञा देऊन रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होता येत नाही.

रीबूट केल्यावर काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन दिसतं. अनेक जण इथेच सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरी मजा इथून पुढे आहे. पीकेजीने (पॅकेजेस, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, बसवणारी आज्ञा) एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणारा पाया) आणि डेस्कटॉप घ्यायचा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसवायचा, आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये डीबस (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणारी सेवा) चालू करायचं, ग्राफिक्स वापरता यावं म्हणून स्वतःला व्हिडिओ गटात टाकायचं. फ्रीबीएसडीचं अधिकृत हँडबुक शेजारी उघडं ठेवलं की काही अडत नाही. इतकं नीट लिहिलेलं मार्गदर्शन मी क्वचितच वाचलं आहे. शिवाय कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि मूळ साधनं एकाच प्रकल्पातून येतात (बर्कलेची परंपरा, पहिली आवृत्ती 1993 ची) आणि आपण टाकलेली पॅकेजेस यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये वेगळी राहतात. त्यामुळे कुठली फाइल कुणाची, हा गोंधळच होत नाही.

झेडएफएसचा आग्रह बूट एन्व्हायर्न्मेंटसाठी, म्हणजे जिच्यातून संगणक सुरू करता येतो अशा प्रणालीच्या प्रतीसाठी. अपडेटआधी बीईसीटीएल या आज्ञेने एक प्रत करून ठेवायची. काही बिनसलंच तर बूट मेनूतून जुनी प्रत निवडायची. होममधल्या, म्हणजे आपल्या स्वतःच्या, फायली यात मागे जात नाहीत, कारण ते डेटासेट (झेडएफएसमधला स्वतंत्र कप्पा) वेगळं असतं. या सोयीमुळे मी बिनघोर प्रयोग करू लागलो.

वायफाय ही दुबळी बाजू. फ्रीबीएसडीच्या हार्डवेअर नोट्समध्ये (चालणाऱ्या हार्डवेअरची यादी) आपल्या वायफाय कार्डाचं नाव आहे का, ते आधीच बघा. नसेल तर सुरुवातीला अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर (फोनचं इंटरनेट संगणकाला देऊन) काम भागतं.