कुडाळला जायचं तर: मोपाचं विमान की वंदे भारत?

राहायला ठाणे आणि गाव कुडाळच्या आसपास, अशा माणसाला हा प्रश्न आता खरोखर पडतो. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाला, त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत आली. विमान उतरतं बांद्याच्या पलीकडे, गाडी थांबते कणकवलीला. कुडाळला पोचायला दोन्हीकडून पुढे गाडी करावीच लागते. मोपाहून ती थोडी लांब आणि महाग पडते, एवढंच.

मुंबई ते मोपा हवाई अंतर साधारण ३९० किमी. तिकिटावर सव्वा तास दिसतो, प्रत्यक्ष हवेत पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. हा आकडा बघून मन लगेच विमानाकडे धावतं. पण ठाण्यातल्या नौपाड्यातून मुंबईचा विमानतळ गाठायचा, तासभर आधी आत शिरायचं, उतरल्यावर पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघायची, मग टॅक्सी. घरातून निघून गावच्या खळ्यात पाय ठेवेपर्यंत माझे पाच तास जातात. वंदे भारत पहाटे सहाच्या सुमारास ठाण्याला येते आणि सव्वाअकराच्या आत कणकवलीला सोडते. पुढचा तास धरला तरी फरक तासा-दीडतासाचाच.

दाबोळीचा, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळाचा, विचार कुडाळवाल्यांनी करूच नये. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सगळ्यांत जवळ, पण मुंबईहून तिथली सेवा कधी सुरू, कधी बंद. मिळाली तर जरूर घ्या.

माझा कौल लागला तो परतीच्या ओझ्यावर. गावाहून रिकाम्या हाताने कोण येतं? उकडा तांदूळ, कुळथाची पिठी, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, आणि मे महिना असेल तर आंबे. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलो मिळतात. पाच डझनांची हापूसची पेटी एकटीच तेवढी भरते! जास्तीच्या किलोंचे पैसे भरताना पेटीचा भाव दुप्पट वाटू लागतो. त्यात सुकं खोबरं बॅगेत चालत नाही. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून मनाई आहे. नियम योग्यच आहे, पण काउंटरसमोर बॅग उघडून आईने बांधून दिलेली पुरचुंडी बाहेर काढून ठेवताना जिवाला लागतं. गाडीत असं कुणी काही काढायला लावत नाही. दुपारी चारनंतर कणकवलीला बसायचं, रात्री साडेनऊच्या सुमारास पेटीसकट ठाण्याला उतरायचं.

अर्थात गाव बांदा किंवा सावंतवाडीकडे असेल आणि पाठीवरच्या पिशवीवर भागणार असेल, तर मोपा उजवं ठरेल. खारघर-उलव्याकडच्यांनी नवी मुंबई विमानतळ धरून हिशेब नव्याने मांडावा. त्यांचा रस्त्यातला वेळ बराच वाचू शकतो.

पावसाळ्यात मात्र वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि वेळही बराच वाढतो. गणपती नेमके त्याच दिवसांत येतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी तिकीट हाती लागलं नाही तर जाताना विमान घ्यावं आणि येताना कोकणकन्या एक्सप्रेस बघावी.